सर सध्या क्वांट करतात

तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा. मधली सुट्टी झाली की स्टाफरूममध्ये डबे उघडतात, पण एक सर आधी मोबाइल उघडतात. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, विषय गणित-विज्ञान. आधी काही वर्षं विनाअनुदानित तुकडीवर काढलेली, मग शिक्षणसेवकाची तीन, आणि आता कुठे कायम झालेले. बाकीच्यांना वाटतं, शेअर बाजार बघत असतील. सर बघत असतात गोल टेबलाभोवती बसलेले आठ जण: डॉक्टर वकिलाच्या समोर नाही, इंजिनिअरच्या डावीकडे शिक्षिका आहे, तर पिवळा शर्ट कोणाचा? भाजी गार होते. शिपाईमामा रजिस्टर सहीला आणतात आणि तसंच परत नेतात. "सर सध्या क्वांट करतात," असं ते हेडसरांना सांगतात. खरं तर ते एमबीएच्या प्रवेश परीक्षेतलं लॉजिकल रीझनिंग असतं, गणिताचं क्वांट नव्हे, पण मामांना एवढा फरक माफ आहे. हेडसरांची समजूत अशी, की हे बीएडनंतरचं काही तरी सक्तीचं प्रशिक्षण असावं आणि केलं नाही तर वेतनवाढ अडत असावी.

या माणसाला एमबीए करावंसं का वाटतं, याची उत्तरं दोन. अर्जात लिहायचं वेगळं, खरं वेगळं. खरं उत्तर बहुधा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या रूपाने नव्या बाइकवरून शाळेच्या फाटकाशी उतरतं. ज्याला सरांनी दहावीच्या भूमितीतून ओढून बाहेर काढलं, तो आता हिंजवडीला असतो. पेढे देतो, वाकून नमस्कार करतो आणि अगदी मनापासून विचारतो, "सर, तुम्ही अजून इथंच?" त्या रात्री सर आयआयएमची वेबसाइट उघडतात.

मग हिशेब. माध्यमिक शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये ८,००० रुपयांवरून १८,००० झालं. नव्या दराने धरलं तरी तीन वर्षांचे ६ लाख ४८ हजार. अहमदाबादच्या आयआयएमची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या घरात. सर हे गुणोत्तर पानाच्या कोपऱ्यात मांडतात, एकास चार असं ढोबळ उत्तर काढतात आणि पान फाडून टाकतात. वही घरात उघड्यावर असते आणि बायकोचं गणित त्यांच्यापेक्षा चांगलं आहे.

शिक्षकी पेशातून एमबीएकडे निघालेल्यांत आणखी दोन जाती आहेत. एक टीच फॉर इंडियाची फेलोशिप केलेले. २००९ मध्ये मुंबई-पुण्यात सुरू झालेल्या या उपक्रमात दोन वर्षं महापालिकेच्या किंवा कमी फीच्या शाळेत शिकवायचं असतं. यांची इंग्रजी आधीच अर्जाच्या मापाची असते, त्यांची चिंता नको. दुसरे क्लासवाले. हे आयआयएमची प्रवेश परीक्षा, म्हणजे कॅट, दरवर्षी देतात, पण जात कुठेच नाहीत. पेपर आतून बघायला बसतात. कॅटचं गणित शिकवता शिकवता कंपनी उभी करणारे बायजू रवींद्रन हे बरीच वर्षं यांचं दैवत होतं. २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेल्यापासून तसबीर भिंतीवर आहे, हार बंद आहे.

आपले अनुदानित सर या दोघांहून वेगळे. कॅट बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, म्हणून त्यांची सगळी मदार दिवाळीच्या सुट्टीवर, आणि त्याच सुट्टीत प्रथम सत्राचे गठ्ठे तपासायला घरी आलेले. पेपरचे तीन भाग, प्रत्येकी चाळीस मिनिटं, एकाची वेळ संपल्याशिवाय दुसरा उघडत नाही. हे सरांच्या हाडीमाशी आहे. पस्तिसाव्या मिनिटाला हात आपोआप डस्टर शोधतो. पण बरोबर उत्तराला तीन आणि चुकीच्या पर्यायाला उणे एक, हे त्यांना पटत नाही. सूत्र लिहिलं, किंमत घातली, शेवटची वजाबाकी तेवढी चुकली, तर पायऱ्यांचे गुण गेले कुठे? त्या मानाने परदेशी बिझनेस स्कूलांना चालणारी जीमॅट त्यांना मायाळू वाटते. तिथे गुण २०५ पासूनच सुरू होतात, म्हणजे काहीच आलं नाही तरी दोनशे पाच. सरांच्या लेखी हे ग्रेस गुणच.

त्यांची खरी अडचण वेगळीच. उत्तर आलं की त्याला चौकट करायची आणि मग ते समोरच्याला समजावून सांगायचं, ही सवय. मॉक टेस्टमध्ये समोर कोणी नसतं, तरी ओठ हलतात. दीड मिनिटात सुटलेला प्रश्न समजावण्यात तीन मिनिटं जातात.

निकाल आला की स्टाफरूममध्ये पर्सेंटाइलचा तास घ्यावा लागतो. ब्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे ब्याण्णव टक्के नव्हेत, आपल्यामागे शंभरातले ब्याण्णव जण आहेत, असं सर खडू घेऊन सांगतात. "मग पुढे आठच? पहिल्या दहात आलात की!" मराठीच्या बाई कौतुकाने म्हणतात. कॅटला दोन लाखांहून जास्त मुलं बसतात, तेव्हा त्या आठ टक्क्यांची रांग सोळा हजारांच्या पुढे जाते, हे सर सांगत नाहीत.

शिफारसपत्राचा प्रसंग मात्र सविस्तर सांगावा असा. परदेशी बिझनेस स्कूलच्या फॉर्ममध्ये वरिष्ठांना हमखास विचारतात, की अर्जदाराला तुम्ही दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती आणि त्याने ती कशी घेतली? हेडसर चष्मा लावतात. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक दाखल्यात माणसाची वर्तणूक चांगली होती आणि त्याच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नव्हती. तेच ते इथेही लिहितात. सूचनेच्या रकान्यात बराच विचार करून घालतात: "फळ्यावर रोजची तारीख व पट लिहिण्याबाबत वेळोवेळी तोंडी समज दिली. सुधारणा आहे." खाली शाळेचा गोल शिक्का मारायला जातात, तर फॉर्म ऑनलाइन. मग प्रिंट काढून शिक्का मारतात, जावक क्रमांक टाकतात आणि स्कॅन करून पाठवतात.

नेतृत्वाचा प्रसंग लिहा, असं म्हटलं की सर स्नेहसंमेलन लिहितात. मंडप, माइक, पाहुण्यांचा हार. इथे त्यांचा मला राग येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षणबाह्य काम देता येत नाही, आणि निवडणूक कधी ना कधी येतेच. हाच माणूस विधानसभेला केंद्राध्यक्ष म्हणून वाडीवरच्या शाळेत रात्री बाकावर झोपला. पहाटे उठून पोलिंग एजंटांसमोर किमान पन्नास मतांचं मॉक पोल घेतलं आणि ती मतं पुसून यंत्र सील केलं. दोन पक्षांचे एजंट एकाच पंख्यासाठी भांडत होते, ते मिटवलं. संध्याकाळी नमुना सतरा-सीमधला मतांचा हिशेब एका मताचाही फरक न ठेवता जुळवला आणि मध्यरात्री साहित्य जमा करायच्या रांगेत उभा राहिला. यातलं एक अक्षर अर्जात नाही. विचारलं तर म्हणतो, "ती ड्यूटी होती हो."

मुलाखतीत तीन प्राध्यापक समोर बसलेले. सर उत्तर देतात आणि शेवटी सवयीने म्हणतात, "समजलं?" खोलीत शांतता. अंधेरीच्या एसपी जैनमध्ये गटमुलाखत असते. तिथे बाकीचे उमेदवार एकमेकांचं बोलणं तोडत असतात आणि सर मात्र कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीला म्हणतात, "हं, तू सांग बरं." माझ्या मते गटात असं वागणाऱ्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. सरांना वाटतं, आपलं चुकलं.

स्टाफरूममधले जुने सर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला देतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते, बढती डावलली म्हणून बाहेर पडले, सायकली विकल्या, लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. "त्यांनी कुठे कॅट दिली होती?" प्रश्न बिनतोड आहे. पण तेव्हा घराच्या कर्जाचा हप्ता नव्हता, हेही खरं.

गंमत पुढेच आहे. अहमदाबादचं आयआयएम १९६१ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने उभं राहिलं आणि केस शिकवण्याची पद्धत तिथून आली. या पद्धतीत वर्गात बोलण्यालाही गुण असतात. सात वर्षं "बोलू नका रे" म्हणण्याचा पगार घेतलेला माणूस, न बोलल्यास गुण जातील अशा वर्गात बसायला कर्ज काढतो.

मे महिन्यात बोलावणं येतं. अहमदाबादचं नाही, नागपूर, संबळपूर, सिरमौर अशा २०१५ मध्ये सुरू झालेल्या आयआयएमपैकी एखाद्याचं. पेढे वाटून होतात. मग कारकून १९८१ ची सेवाशर्ती नियमावली काढून दाखवतात: कायम शिक्षकाला राजीनाम्यासाठी तीन महिन्यांची नोटीस. तिकडे वर्ग जूनच्या अखेरीस सुरू. उरलेल्या दिवसांचा पगार भरून सर मोकळे होतात. रिक्त जागेचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात गेला आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून माणूस मिळेपर्यंत दहावी 'ब'चं बीजगणित चित्रकलेच्या सरांकडे आहे.