सर्व्हरआण्णा

सदलग्यात ‘मशीन’ म्हटलं की कुणाला ऊसतोडीचं आठवतं, कुणाला इचलकरंजीचा माग. सर्व्हरआण्णांच्या घरी मशीन म्हणजे माळ्यावर वायरीनं एकमेकांना बांधलेले सहा म्हातारे कॉम्प्युटर. सर्व्हरआण्णा हे नाव गावानंच ठेवलं. तसा हा प्राणी निपाणी, चिकोडी, कुठंही सापडतो. आधी यंत्रं जमवायची आणि मग त्यांना काम शोधत हिंडायचं, हा त्याचा धर्म.

सगळा माल बंद पडलेल्या सायबर कॅफेतला, नाहीतर भंगारातला. रॅमच्या सोनेरी पट्टीवर आण्णा पोराचं खोडरबर घासतात, फुंकर मारतात, खाचेत दाबतात आणि कान लावून बसतात. ‘बीप’ आला की चेहरा असा, जणू नातू झाला! एका मशीनचा सेल गेलाय, त्यामुळं ते रोज सकाळी 1 जानेवारी 2002 लाच जागं होतं. आण्णा म्हणतात, “असू दे की. त्याला काय मुहूर्त गाठायचाय?”

1994 साली नासात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ‘486’ जातीचे साधे प्रोसेसर जोडून ‘बेवुल्फ’ नावाचा कॉम्प्युटरांचा ताफा उभा केला. ही हकिकत आण्णा चुलतभावांनी विहीर पाडल्यासारखी सांगतात.

पहिलं काम निघालं देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या, अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहा. फार तर सात फेऱ्यांत 6174 येतं. आण्णांनी सगळ्या संख्या सहा मशीनना वाटून दिल्या. वाटणीची जुळणी करण्यात आठवडा गेला, उत्तर पापणी लवायच्या आत आलं.

मग परग्रहवासी शोधायचे ठरले. पण त्यासाठीचं ‘सेटी ॲट होम’ 2020 च्या मार्चमध्येच नवं काम द्यायचं थांबलेलं. तेव्हा रोगांच्या संशोधनासाठी प्रथिनांच्या घड्यांचं गणित करणारं ‘फोल्डिंग ॲट होम’ लावलं. वहिनी म्हणाल्या, “धुतल्या कापडांच्या घड्या कधी घातल्या न्हाईत, आता प्रथिनांच्या घालाय लागल्यात!”

खरा घाव विजेच्या बिलानं घातला. कर्नाटक सरकारच्या ‘गृहज्योती’त 200 युनिटपर्यंत सवलत, वर गेलं की अख्खं बिल आपल्या बोकांडी. मशीनमागं शंभर वॅट धरले तरी सहांचे दिवसाला चौदाच्या वर युनिट होतात, म्हणजे चौदाव्या दिवशी निव्वळ माळ्याचेच दोनशे पार. आजचा एखादा बरा मोबाइल या सहांना एकटा भारी पडेल, पण हे आण्णांपुढं बोलायचं नसतं.

तरी एक काम मात्र फर्मास निघालं. गावातल्या कुणाकडं जुन्या मराठी नियतकालिकांचे स्कॅन केलेले गठ्ठे होते. ‘टेसरॅक्ट’ हा फुकटचा प्रोग्राम स्कॅनमधलं मराठी वाचतो, कन्नडही वाचतो. सीमाभागाला आणखी काय पाहिजे! शिवाय एका पानाचा दुसऱ्या पानाशी संबंध नाही. भांगलणीला जितक्या बायका लावाल तितकं रान लवकर निघतं, तसंच हे. सहाही मशीन घरघरायला लागली. ‘ध’चा ‘घ’ झाला तो वेगळा, पण शोधलेला शब्द सापडू लागला. वहिनींनी तेवढ्यापुरतं बिल माफ केलं, तेही दिवसा चालवायच्या अटीवर.

परवा माझा लॅपटॉप चालू होईना म्हणून फोन केला. काय झालं, कसं झालं, काही नाही. आण्णा आधी म्हणाले, “टाकणार असशील तर कुणाला सांगू नकोस. मी येतोच.”