भयमालिकांचा वसा : नवशिक्यांसाठी, मुक्काम नागरा

हा वसा कोणालाही घेता येतो. जातीची, वयाची, शिक्षणाची अट नाही. धीटपणाची तर अजिबात नाही. उलट ज्याला भुताची खरोखरच भीती वाटत नाही त्याने दहाच्या आत जेवून झोपावे. त्याच्यामुळे बाकीच्यांचा रंग जातो. नागऱ्यात अशी माणसे आहेत. दिवसा ती फार चांगली असतात.

वसा कसला, ते आधी नीट समजून घ्यावे. दर खेपेला नवी गोष्ट, नवी माणसे, नवे संकट, आणि गोष्ट संपली की ती माणसे कायमची गेली, अशा भयाच्या आणि विज्ञानाच्या मालिकांवर जीव लावणे म्हणजे हा वसा. 'झी हॉरर शो', 'आहट', रत्नाकर मतकरींची 'गहिरे पाणी', आणि या सगळ्यांच्या आधीची अमेरिकेतली 'ट्वायलाइट झोन'. वर्षानुवर्षे एकाच वाड्यात एकाच कुटुंबाला छळणारी भुते यात धरत नाहीत. 'रात्रीस खेळ चाले'चे भक्त वेगळे. अण्णा नाईकांचा संप्रदाय मोठा आहे आणि त्याच्याशी आपले भांडण नाही. पण तिथे भूत रोज भेटते, त्याच्या सवयी कळतात, शेवटी त्याची काळजीसुद्धा वाटू लागते. आपल्या वशात ओळख व्हायच्या आत गोष्ट संपते.

स्थळ. नागरा गोंदियापासून चार-पाच किलोमीटरवर, बालाघाटच्या रस्त्याला. जुने शिवमंदिर, महाशिवरात्रीची यात्रा, सभोवती धानाच्या बांध्या. बाहेरून आलेल्या नवशिक्याला वाटते की इतके प्राचीन दगडी देऊळ आहे म्हणजे भीतीची सोय तिथेच असणार. तसे नाही. महादेव स्वतःच भूतनाथ. तिथली भुते नोकरीवर असतात, मोकाट नसतात. भीतीसाठी साधे घर पाहावे. ज्या घरात संडास अंगणाच्या पलीकडे आहे, ते उत्तम.

काळ. रोवणीच्या दिवसांत वसा घेऊ नये. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावलेली बाई पडद्यावरचे दार करकरायच्या आत घोरू लागते, आणि त्या घोरण्यापुढे रामसे बंधूंचे पार्श्वसंगीत टिकत नाही. धान घरात आले, थंडी पडली, की सुरुवात करावी. त्याच दिवसांत झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटके चालतात, म्हणजे जागरणाला शरीर तयार असते.

साहित्य : टीव्ही एक. गोधड्या, माणशी एक (दोघांत एक घेतल्यास नेमक्या वेळी ओढाताण होते). उकडलेल्या शेंगा. 'हे सगळं खोटं असते' असे दर पाच मिनिटांनी म्हणणारे पण जागचे न उठणारे आजोबा. आणि झोपला आहे असे सर्वांनी मानलेला एक पोट्टा. हा पोट्टा फार महत्त्वाचा आहे. पुढची वीस वर्षे वसा तोच चालवणार असतो.

पूर्वी आणखी एक माणूस लागे, तो म्हणजे छपरावर चढून अँटेना फिरवणारा. 1963 साली अमेरिकेत 'आउटर लिमिट्स' नावाची मालिका सुरू झाली. तिच्या आरंभी एक आवाज प्रेक्षकांना बजावत असे की तुमचा संच बिघडलेला नाही, चित्राचा ताबा आता आमच्याकडे आहे. अमेरिकन लोक त्याने दचकत म्हणतात. आपल्याकडे चित्राचा ताबा कायमच दुसऱ्याकडे होता आणि तो वरून ओरडून विचारत असे, "आता आलं का जी?" खालून सगळे एकदम "हाव, हाव, तसाच राह्य!" म्हणत, आणि तो बिचारा हातात बांबू धरून अख्खी गोष्ट नुसती ऐके. जुन्या भक्तांत सर्वांत कडवे तेच निघाले. ज्यांनी भूत पाहिलेच नाही त्यांच्या मनातले भूत सर्वांत चांगले होते, आणि यात माझ्या मते मालिका बनवणाऱ्यांचाही फायदाच झाला, कारण त्यांची रबरी भुते फार जवळून पाहण्यासारखी नव्हती.

आता गुरुपरंपरा. ती पाठ असल्याशिवाय भक्त म्हणवून घेऊ नये.

आद्य गुरू वेताळ. नवी गोष्ट, नवी माणसे, पण सांगणारा तोच, आणि शेवटी ऐकणाऱ्याला अडचणीत टाकणारा प्रश्न : हा साचा अमेरिकेत तयार झाला असे कोणी म्हणाले तर त्याला शांतपणे 'वेताळ पंचविशी' दाखवावी. सोमदेवाने 'कथासरित्सागर' अकराव्या शतकात रचला, त्यात या गोष्टी आहेत. राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोके फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. 1985 साली रामानंद सागरांनी ते 'विक्रम और बेताल' म्हणून दूरदर्शनवर आणले. पांढऱ्या केसांचा सज्जन हा नट वेताळ होता आणि अरुण गोविल विक्रम. दोन वर्षांनी हेच गोविल 'रामायण'मध्ये राम झाले. भुताखेताच्या मालिका पाहू नका म्हणणाऱ्या आजीबाईंना ही गोष्ट अवश्य सांगावी. ज्याच्या खांद्यावर भूत बसले त्यालाच पुढे रामपद मिळाले, यावर त्यांना उत्तर सापडत नाही.

दुसरे गुरू रॉड सर्लिंग. 'ट्वायलाइट झोन' 2 ऑक्टोबर 1959 रोजी सुरू झाली आणि 1964 पर्यंत चालली. 156 भाग, त्यातले 92 या एकट्या माणसाने लिहिले. (आपला झी टीव्हीही 2 ऑक्टोबरचाच, 1992 सालचा. गांधीजयंती आणि भुते यांचा संबंध अजून कोणी अभ्यासलेला नाही.) सर्लिंग मुळात गंभीर नाटके लिहीत. 1955 साली मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि मारेकरी निर्दोष सुटले. त्यावर सर्लिंग यांनी टीव्हीसाठी नाटक लिहिले, तर जाहिरातदारांच्या धास्तीने त्यातले इतके बदलण्यात आले की मूळ विषय ओळखू येईना. मग त्यांनी परग्रहावरची माणसे घेतली. वर्णद्वेषाबद्दल शेजारी बोलला तर जाहिरातदार घाबरतो, मंगळावरचा माणूस बोलला तर त्याची हरकत नसते.

तिसरे गुरू रामसे बंधू. 'पुराना मंदिर' (1984) आणि 'वीराना' (1988) यांनी सिनेमाघरे हलवली, आणि 1993 पासून 'झी हॉरर शो'मधून ते घरात शिरले. पहिली गोष्ट 'दस्तक', पंकज धीर आणि अर्चना पूरणसिंग. गोष्ट आठवड्याला एक तुकडा अशी वाढली जाई. धूर, हिरवा उजेड, आणि कोणीही तेल न घातलेली बिजागरी. 'पुराना मंदिर'मधला सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनियर. भयकथाकार नारायण धारपांची पदवी रसायनतंत्राची. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवून पहिले बक्षीस घेणारे गृहस्थ तर जयंत विष्णू नारळीकर निघाले, आद्याक्षरे उलटी फिरवून. या क्षेत्रात मांत्रिक कमी आणि शास्त्र शिकलेले जास्त. मुलाचा अभ्यास बुडतो म्हणून तक्रार करणाऱ्या पालकांसाठी ही यादी तोंडपाठ ठेवावी.

चौथे गुरू बी. पी. सिंग. 1995 साली सोनीवर 'आहट' आली. सुरुवातीच्या गोष्टींत कधी भूत असे, तर कधी नुसताच खुनी. कोण निघणार ते आधी कळत नसे, ही तिची खरी करामत.

इथवर पाठांतर. आता मुख्य विधी, म्हणजे लाइन जाणे.

शहरातला भक्त याला विघ्न समजतो. 2005 नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यांत दिवसातले कित्येक तास लोडशेडिंग होते. त्या काळात तयार झालेल्या भक्ताला लाइन जाणे हा विधीचाच भाग वाटतो. बाई दाराच्या कडीला हात घालते, कडी निघते, आणि गेली! आता दाराआड काय होते ते कोणीच पाहिलेले नाही. अंधारात आधी एक किंकाळी (काकूंची), मग शांतता, मग चर्चा. दाराआड नवरा होता. नवरा तर मेला. म्हणूनच तर होता. नवरा नाही, मोलकरीण. तिच्या पायांकडे कोणी पाहिलं का? आजोबा म्हणतात, मांजर होतं, चला झोपा. पोट्टा, जो झोपलेला आहे, तो म्हणतो, आरशात तिचं प्रतिबिंब नव्हतं. अर्ध्या तासात एका गोष्टीचे चार शेवट होतात आणि चारही मुंबईत लिहिलेल्या शेवटापेक्षा बरे असतात. लाइन येईपर्यंत पडद्यावर जाहिराती लागलेल्या असतात. खरा शेवट काय झाला याची चौकशी दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या नातेवाइकांकडे करता येते; मुरलेला भक्त करत नाही.

हा विधी एकट्याने होत नाही. मोबाइलवर, कानात बोंडे घालून, पांघरुणात 'आहट' पाहणाऱ्याला पुण्य लागत नाही असे नाही, पण अर्धे लागते. वेताळाने प्रश्न विचारला आणि खांद्याखाली विक्रमच नाही, अशी त्याची गत होते.

विधीचा पुढचा टप्पा अनुभवींसाठी आहे. डीपीवरून घरांना तीन वेगवेगळ्या फेजमधून वीज जाते. त्यातल्या एकाच फेजचा फ्यूज उडाला तर गल्ली पूर्ण अंधारत नाही. दोन घरे काळोखात आणि मधल्या एका घरात मात्र पंखा गरगरतो आहे, असे दृश्य दिसते. अशा वेळी सगळ्यांना घेऊन अंगणात यावे आणि गल्लीचे निरीक्षण करावे. पाच मिनिटांत आवाज सुरू होतात. "त्याहीचीच काहून आहे?" आकडा टाकला असंल. लाइनमन त्याच्या साळ्याचा मित्र आहे. मागच्या वेळीही त्याचीच होती. ज्याच्या घरी उजेड आहे तो दार लावून घेतो, मग तर संशय पक्काच होतो. लावले नाही तर, पहा, कसा मिरवतो आहे.

हे दृश्य सर्लिंग यांनी 1960 सालीच लिहून ठेवले आहे. 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा भाग. साधी, सुखवस्तू गल्ली. आकाशातून काहीतरी लखलखत जाते आणि वीज, फोन, मोटारी सगळे बंद. एक मुलगा सांगतो की परग्रहावरचे लोक आधी आपल्यासारखे दिसणारे एखादे कुटुंब पाठवून ठेवतात; त्याने तसे वाचलेले असते. (सगळीकडे पोट्टा असतोच.) मग एकाचीच मोटार आपोआप सुरू होते, दुसऱ्याच्याच घरात दिवा लागतो. हा रात्री आभाळाकडे बघत का उभा असतो? तो तळघरात कसला रेडिओ जोडतो आहे? अंधारातून कोणी चालत येते आणि गोळी सुटते. शेवटी टेकडीवर कोण उभे असते ते सांगणे वशाच्या नियमात बसत नाही.

माझ्या पाहण्यात याहून भीतिदायक भाग नाही, आणि त्यात भूत औषधालाही नाही. हडळ, मुंजा, झोटिंग यांच्यापासून बचावाचे उपाय गावात पाच जण सांगतील. चकवा लागला तर काय करायचे तेही ठरलेले आहे. शेजाऱ्याच्या पंख्यावर उपाय नाही. मागे एकदा आमच्या गल्लीत हा भाग दाखवला, नेमक्या मंडळींना बोलावून. सगळ्यांना फार आवडला. बाहेर पडताना एक जण हळूच म्हणाला, "तो मोटारवाला पहिल्यापासूनच बरोबर नव्हता वाटत."

वाद घालणे. भक्ताला एक वाद आयुष्यभर घालावा लागतो : धारप की मतकरी. दोघेही मुळात पुस्तकातले, पण टीव्हीसमोर बसल्यावर हा वाद निघाल्याशिवाय राहत नाही. धारपांकडे (1925–2008) संकट बाहेरून येते. ते अमानुष, प्राचीन, भुकेले असते आणि त्याला अडवायला त्यांच्या कथांतल्या समर्थांसारखा जाणता माणूस असतो. 'तुंबाड' या सिनेमामागे त्यांचीच 'आजी' ही कथा होती, हे धारपपक्षाने छाती फुगवून सांगावे. मतकरींकडे (1938–2020) मांत्रिक बोलावून भागत नाही, कारण जे काही आहे ते दोन खोल्यांच्या घरात आधीपासूनच राहते आहे, चहा पिते आहे, आणि नात्याने काहीतरी लागते. 'खेकडा' वाचलेल्याला हे सांगायला नको. नवशिक्याने धारपांपासून सुरुवात करावी आणि लग्नानंतर मतकरींकडे वळावे. मी मतकरीपक्षाचा. कोणी धारपांना नावे ठेवू लागला तर मात्र मी लगेच पक्ष बदलतो.

वर्ज्य गोष्टी थोड्याच. रबरी मुखवट्याला हसू नये. हसायचे तर दुसऱ्या दिवशी, उजेडात. 'ब्लॅक मिरर' किती पुढारलेली आहे हे पहिल्याच बैठकीत सांगू नये. शेंगांची टरफले अंधारात जमिनीवर टाकू नयेत, कारण कोणीतरी पाणी प्यायला उठते, पायाखाली कर्रकन वाजते, आणि मग सकाळपर्यंत कोणी कोणाचे ऐकत नाही. 'मला लघवीला जायचे आहे, कोणीतरी सोबत चला' असे सरळ म्हणावे. यात कमीपणा नाही. सोबत गेलेलाही त्याचसाठी आलेला असतो.

वसा पुढे देण्याची रीत. नवा माणूस आला की त्याला 'टाइम इनफ अॅट लास्ट' हा 1959 चा भाग दाखवावा. बँकेतला एक कारकून, वाचनाचे वेड, घरी बायको वाचू देत नाही, कचेरीत साहेब वाचू देत नाही. बस, एवढेच सांगावे आणि गप्प बसावे. भाग संपल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहावे. तो काहीच बोलला नाही तर त्याला शेंगा द्याव्यात, तो आपला झाला. तो भांडू लागला, असे कसे, हे बरोबर नाही, त्या माणसाने काय वाईट केले होते, तर त्याला आपल्याच गोधडीत जागा द्यावी. पण त्याने "मग पुढच्या भागात त्याचं काय होते?" असे विचारले, तर रागावू नये. त्याला 'सीआयडी' लावून द्यावी. तीही बी. पी. सिंगांचीच आहे, आणि तिथे दया दार तोडतो तेव्हा आत काय आहे ते दिसते.