टार्गेटवाले शेठ

लातूरच्या बाजारात खत-बियाण्याच्या दुकानातले शेठ दिवाळीनंतर हत्तींची छपाई असलेला शर्ट घालून गल्ल्यावर बसले, की समजावं, यांचं टार्गेट पूर्ण झालं आणि कंपनीने यांना नेऊन आणलं. कुठे गेला होतात, असं विचारायचं नसतं. कुणी विचारलंच तर शेठ पावतीपुस्तकात डोकं घालून म्हणतात, "मीटिंग होती." मीटिंग बँकॉकला होती, चार रात्रींची होती आणि सौभाग्यवतींना नेण्याची तीत सोय नव्हती.

शेठने काय काय रंग उधळले असतील, याची गंजगोलाईच्या सोळाही रस्त्यांवर चर्चा होते. खरी हकीकत मात्र सोबत गेलेल्या नांदेडच्या डीलरकडून कळते, आणि ती ऐकून वाईट वाटतं.

हैदराबादपर्यंत ट्रॅव्हल्स, पुढे विमान. बँकॉकात पाय ठेवल्यापासून शेठचं चलन एकच: सोयाबीन. आधी बाटचे रुपये करायचे, मग रुपयांचं सोयाबीन. हातगाडीवर आंबा आणि चिकट भाताची बशी शंभर बाटला दिसली, तेव्हा ते गाडीपुढेच थबकले. "5328चा हमीभाव धरला तर पाच किलो. आडतीवर खरंच मिळतो तो धरला तर सहा!" एवढं सोयाबीन एका बशीत घालवायचं म्हणून भात राहिला. आंबाही राहिला.

वाट फोच्या देवळात 46 मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीशी 108 वाट्या ओळीने मांडलेल्या असतात. सुटी नाणी विकत घ्यायची आणि वाटीवाटीत एकेक टाकत जायचं. शेठ टाकत गेले. शेवटची वाटी रिकामी राहिली. पोती मोजण्यात हयात गेलेला माणूस; नाणं कमी निघालं म्हणून परत जाऊन वाद घालायला लागला. मराठीतून. नांदेडकराने स्वतःच्या खिशातलं नाणं टाकून विषय मिटवला.

संध्याकाळी यावराटला, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीत. काड्यांवर खोवलेली कोळंबी, माकूळ, आणखी कायकाय. शेठ नाकाला रुमाल लावून चालले. घरून नेलेले धपाटे दुसऱ्याच दिवशी संपलेले, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तेवढा शिल्लक. पण नुसत्या चटणीवर माणूस किती तग धरणार?

तिसऱ्या सकाळी नांदेडकर म्हणाला, "चला माझ्यासंगं." यावराटपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पाहुरातमध्ये सोन्याच्या घुमटाचा गुरुद्वारा आहे. तिथे लंगर चालतो. हजूर साहिबच्या गावचा माणूस म्हटल्यावर सेवादारांनी नांदेडकराला हात जोडले, अगत्याने बसवलं. मग त्यांनी शेठकडे पाहिलं. विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, या भांडणात 2009पासून नांदेडला सुईच्या अग्राएवढीही जागा न देणारा हा लातूरकर. मोर्च्यात घोषणा दिलेल्या, दुकान बंद ठेवलेलं. समोर वाफाळती डाळ आणि गरम रोटी. शेठने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि खालमानेने म्हणाले, "हम भी नांदेडसे."

पाच रोट्या खाल्ल्या. उरलेल्या दिवसांतही रोज सकाळी शेठ नांदेडचेच होते. नांदेडकर हे सांगताना आवाज न करता हसतो, आणि लातूर स्टँडवर उतरला की आधी हेच सांगतो. कुणाचा विश्वास बसत नाही.

शेठही तो बसू देत नाहीत. बँकॉकला जाऊन डाळ-रोटी खाल्ली असं पसरलं तर बाजारात किंमत काय राहील? म्हणून कुणी डोळा मिचकावून "काय शेठ, एकदम गप गप कामून?" म्हटलं, की ते गालातल्या गालात हसतात. "जाऊ द्या हो. तिथलं तिथं." न केलेल्या पापाची एवढी ऐट मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरी सौभाग्यवतींनी मात्र मोबाइलमधले फोटो बघितलेत. सगळ्या फोटोंत शेठच्या डोक्याला भगवा रुमाल आणि पुढ्यात ताट. तेव्हापासून त्या निर्धास्त आहेत, पण बाहेर काही बोलत नाहीत. नवऱ्याची अब्रू शेवटी त्यांनाच सांभाळायची.

पुन्हा पावसाळा येतो. सोयाबीनवर अळी पडते. शेतकरी औषध मागतो, शेठ औषधासोबत टॉनिकची बाटली पुढे करतात.

"हे बी लागतंय का?"

"लागतंय तर!"

कुणाला, ते सांगत नाहीत. यंदा स्कीम व्हिएतनामची आहे आणि टार्गेटला अजून दोनशे बाटल्या कमी आहेत.