सासू फुकट, सून तिकिटात

मी एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतला तेव्हा उदगीरच्या मामांनी एकच प्रश्न विचारला, "भाच्या, समाजाचं काम करणार म्हणतोस, मग पगार कोण देणार? समाज?" मी त्यांना १९४८चा कारखाने कायदा सांगितला. पाचशे कामगार असले की कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर नेमावाच लागतो. मामा म्हणाले, "पाचशे माणसं एका जागी मी मैलारच्या जत्रेतच बघितलीत. तिथं जागा निघाली तर कळव." मग सुपारी कातरत आईकडं वळले, "आक्का, याचं लग्न आधी उरकून घे. काय शिकलाय हे लोकांना कळल्यावर अवघड जाईल."

आमचं घर बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यात. हे औराद कर्नाटकातलं. निलंगा तालुक्यातलं औराद शहाजानी वेगळं, ते महाराष्ट्रात. आमची अर्धी पत्रं आणि काही पाहुणे अजून तिकडं जाऊन परत येतात. १९५६ साली राज्यं पाडली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातलं उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेलं आणि औराद, भालकी, हुमनाबाद इकडं राहिलं. नकाशा करणाऱ्यांनी भाषा बघितली, नद्या बघितल्या, तालुके मोजले. सोयरिकी मात्र कुणी मोजल्या नाहीत. त्या होत्या तशाच चालू राहिल्या. लेकी तिकडून येतात, इकडच्या तिकडं जातात आणि मामा दोन्हीकडं असतात.

मी शिकलो ते गुलबर्गा विद्यापीठ १९८० सालचं. शहर २०१४ साली कलबुर्गी झालं, विद्यापीठ गुलबर्गाच राहिलं, आणि आम्ही समोरच्या माणसाचं तोंड बघून नाव घेतो. मी घरी मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड बोलणारा. वर्गात गेलो तर पुस्तकं इंग्रजीत. समाजकार्याची सुरुवात कुणी केली, हा पहिल्याच सत्रातला प्रश्न. इकडचे सर म्हणत, बाराव्या शतकात बसवण्णांनी, आणि तेही आपल्याच बसवकल्याणात. महाराष्ट्रात शिकणारा माझा मावसभाऊ म्हणे, जोतिबांनी. इंग्रजी पुस्तक म्हणे, मेरी रिचमंड बाईंनी, १९१७ साली 'सोशल डायग्नॉसिस' लिहून. भारतात याचं रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं, तेही क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याच्या हातून. मी पेपरात चौघांनाही घातलं. सीमाभागातला माणूस कुणालाच नाराज करत नाही.

खरी गंमत क्षेत्रकार्यात. आठवड्याचे काही दिवस वर्ग आणि काही दिवस गाव, अशी या शिक्षणाची रीत आहे. गावात जाताना आमच्या खिशात बिस्टेक नावाच्या गृहस्थांची सात तत्त्वं असत. माणसाला आहे तसा स्वीकारा, त्याचा न्याय करू नका, त्याची गोष्ट गुप्त ठेवा, वगैरे. बिस्टेक साहेबांनी ही तत्त्वं १९५७ साली अमेरिकेत लिहिली. तिथं खोलीला दार असावं. आमची मुलाखत मारुतीच्या पारावर. मी फॉर्म काढला की पारावरचा पत्त्यांचा डाव मोडायचा आणि सगळे माझ्याभोवती.

"हुंडा दिला-घेतला का?" मी विचारलं.

"आमच्यात घेत न्हाईत," घरधनी म्हणाला.

"वार्षिक उत्पन्न?"

"काय न्हाई बघा."

शेजारी फिस्सकन हसला. "काय न्हाई कसं? परवा सोयाबीन घातलास की आडतीवर."

"ते कर्जात गेलं."

"मग ही नवी मोटारसायकल कशातनं आली?"

घरधनी घुटमळला. तेवढ्यात पलीकडं पाणी भरणाऱ्या बायकोनं हंडा खाली ठेवला आणि तिथूनच सांगितलं, "ती माझ्या बापानं दिलेली हाय. लग्नात."

मी मागं जाऊन हुंड्याच्या रकान्यात खाडाखोड केली. गोपनीयतेचं तत्त्व पाळलं असतं तर हे उत्तर जन्मात मिळालं नसतं. माझा फॉर्म भरून झाल्यावर त्यांची पाळी. बाप काय करतो, जमीन किती, कोरडवाहू की बागायती, आणि एवढं शिकून असं उन्हातानात कशाला फिरूलालास? त्यांच्या प्रश्नावलीत एकही रकाना रिकामा राहत नसे.

मग आळंद तालुक्यात शिबिर झालं. तिथं गावाचा नकाशा गावकऱ्यांकडूनच जमिनीवर काढून घ्यायचा होता. त्याला सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन म्हणतात. हे नाव उच्चारून होईपर्यंत निम्मे पुरुष निघून गेले. आम्ही बायकांच्या हाती रांगोळी दिली. देऊळ, शाळा, हातपंप, ओढा, सगळं झकास उतरलं. मग एकीला पंपाशेजारची जागा मोकळी दिसली, तिथं मोर आला. मोर एकटा कसा राहील, म्हणून दुसरा. ग्रामपंचायतीभोवती कमळं उमलली. तोवर एक आजोबा काठी टेकत आले आणि शेतांच्या बाजूला वाकून बघू लागले. "हा बांध कुणी काढला?" बांध रांगोळीचा, पण बोटभर पूर्वेला सरकलेला. पलीकडचे शेतकरी म्हणाले, "बरोबर हाय की, असाच हाय." आजोबांनी काठीनं तो पुसला. पलीकडच्यांनी चिमटीनं परत ओढला. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरं तलाठ्याच्या नावानं बोलत होती. अहवालात आम्ही लिहिलं, 'लोकसहभाग लक्षणीय.'

शेवटच्या सत्रात महिनाभर पूर्णवेळ काम करायचं होतं. मी आमचाच तालुका मागून घेतला. ११ जून २०२३पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झालेली. माझ्या गटातल्या मुली शून्याचं तिकीट घेऊन गावोगाव फिरायच्या आणि मी पुरे पैसे मोजायचो. आमच्या तुकडीतला सगळ्यांत महागडा समाजसेवक मी.

एकदा बिदरच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या. कंडक्टर आला, "आधार तोरसरी." सासूबाईंनी पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढलं, पत्ता औराद तालुका. शून्याचं तिकीट आलं. सुनेचं कार्ड त्यानं उजेडात धरलं. देवणी, जिल्हा लातूर. सवलत कर्नाटकातल्या बायकांना. सुनेला पुरं तिकीट.

सासूबाई पैसे काढता काढता म्हणाल्या, "माहेरच्यांनी तुला आधारसुद्धा धड दिला न्हाई गं!"

सून कशाला ऐकते? "माझ्या माहेरी एसटीत बायकांना अर्धं तिकीट हाय."

"मग अर्धी तिकडंच ऱ्हायचीस."

कंडक्टर मराठीत उतरला, "मावशी, अर्धं-पुरं घरी बघा. सुट्टे द्या."

मला केस सापडली होती. उतरल्यावर ओळख काढली, घरी गेलो, चहा झाला आणि गुंता कळला. लग्नानंतर शहाण्यासारखं वागायचं म्हणून माहेरच्यांनी सुनेचं नाव रेशनकार्डातून आधीच कमी करून घेतलेलं. इकडच्या कार्डात नाव घालायचं तर इकडचा पत्ता हवा. आधारवर पत्ता तिकडचा. म्हणजे ती दोन्ही राज्यांच्या तांदळातून एकदम उठलेली. त्यात सासूबाईंना गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार येत. ते कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. "ही कार्डात आली की दोन हजारांत वाटा मागंल," ही त्यांची खरी अडचण. प्रमुख तुम्हीच राहणार, हे मी समजावून सांगितलं. "कागदावर लिहून दे," म्हणाल्या. लिहून दिलं. खाली सही केली, हुद्दा घातला : समाजकार्य प्रशिक्षणार्थी. त्यांनी तो कागद देवामागं ठेवला.

पुढचा रस्ता असा. आधारचा पत्ता बदलायचा तर पुरावा हवा, आणि सुनेच्या नावावर घरात एक कप-बशीसुद्धा नव्हती. पण २०२३पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलायची सोय झाली आहे. त्यासाठी नात्याचा पुरावा मागतात, आणि इथं सरळ पुरावा म्हणजे लग्नाचा दाखला. लग्न झालेलं देवणीकडं, नोंदणी कुणी केलेलीच नव्हती. नोंदणीला लग्नातला फोटो हवा. अल्बम उघडला तर नवरीच्या तोंडावर मुंडावळ्या, नवऱ्याच्या पुढं कुणाचा तरी मामा. शेवटी जेवणाच्या पंगतीतला एक फोटो निघाला. त्यात दोघं घास भरवताना सुखरूप दिसत होते. देवणीच्या कचेरीत कुणाला भेटायचं, हे उदगीरच्या मामांनी एका फोनमध्ये सांगितलं. पुस्तकात याला संसाधन जुळवणी म्हणतात. आधारच्या लेखी प्रमुख नवऱ्याला धरलं, आणि तो हैदराबादला वॉचमन. त्यानं मोबाईलवरून तीस दिवसांच्या आत संमती द्यायची, तिचा ओटीपी येणार तो ऐन ड्यूटीत. गेटवर गाडी थांबवून त्यानं ओटीपी टाकला. साहेब ओरडला म्हणे, पण पत्ता बदलला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यात कोणता सिद्धांत वापरलात?" मी सांगितलं, सिस्टीम थिअरी. दोन राज्यांच्या सिस्टीममध्ये एक बाई अडकली होती, तेव्हा उत्तर चुकीचं म्हणता आलं नाही. पुढचा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला. त्यांची पुतणी इकडं चिंचोळीला दिलेली, माहेर तिकडं अक्कलकोटचं, आणि तिचंही नाव कुठल्याच कार्डात नव्हतं. मी क्रम लिहून दिला.

मामांच्या प्रश्नाचं उत्तरही आता माझ्याकडं आहे. समाज पगार देत नाही, चहा देतो, हुरडा देतो, येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतावर बोलावून पोट फुटेस्तोवर भज्जी आणि आंबील वाढतो. पगाराचं एका संस्थेशी बोलणं चालू आहे. बिस्टेक, रिचमंड बाई, सहभागी मूल्यावलोकन, हे सगळं शिकलो याचा पश्चात्ताप नाही. पारावर बसून गप्प ऐकायची शिस्त त्यांनीच लावली. पण आमच्या सीमेवर दुःखं बहुतेक माणसं आपापसात निभावून नेतात, अडतात ती खिडकीपाशी. कुठला कागद कुठल्या खिडकीला आधी लागतो, हे ज्याला ठाऊक, तो इथला खरा समाजसेवक, मग त्याच्याकडं पदवी असो वा नसो.

तेव्हा सीमेपलीकडं लेक देणाऱ्यांना आणि सून आणणाऱ्यांना एवढंच सांगणं. लग्नाची नोंदणी त्याच महिन्यात करा. आधारचा पत्ता आधी बदला, माहेरच्या रेशनकार्डातलं नाव त्यानंतर कमी करा. हुंडा देऊ नका, घेऊ नका. लग्नाचा दाखला मात्र दोन्हीकडच्यांनी मागून घ्या, आणि त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.