समक्ष रुजुवात

(मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरला निघालेली एस.टी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेने भर रस्त्यात अडवून धरली आहे. एका बाकावर नांदेडच्या नव्या मोंढ्यातील एक व्यापारी, ज्यांना आपण गादीवाले म्हणू, आणि लातूरच्या एका डाळमिलसाठी गावोगाव माल पाहत हिंडणारे खरेदीदार, म्हणजे फिरस्ते, बसले आहेत.)

गादीवाले : बावीस वर्षांत गादी सोडून मी सौद्यासाठी परगावी गेलो नाही, आणि आज निघालो तर ही गत! ज्या कामासाठी खुद्द मालकाला उठावे लागते ते मुळातच बिघडलेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिरस्ते : मत यथार्थ आहे. बिघडले काय?

गादीवाले : तूर. शंभर क्विंटल. मोबाइलवर नमुन्याचे छायाचित्र आले. दाणा पांढरा, टपोरा, बदनापूरच्या ७११ वाणाचा म्हणून सांगितलेला. इतकेच नव्हे, तर सोबतच्या व्हिडिओत कोणी सद्गृहस्थ तो मोठ्या ममतेने ओंजळीत घोळवीत होते. पोती उघडली तो माल ओला!

फिरस्ते : ओलावा छायाचित्रात उतरत नाही, शेटजी. सरकारी खरेदी केंद्रावर तुरीचा ओलावा बारा टक्क्यांवर गेला की यंत्र हरकत घेते. पण यंत्र येण्यापूर्वीपासून आपल्याला दात आहेत. दाणा दाढेखाली धरावा. वाळलेला असेल तर कट्कन दुभंगतो, ओला असेल तर जुन्या कारकुनासारखा मुकाट दबतो. आणि हात पोत्यात कोपरापर्यंत घालावा. वरची वीतभर तूर सगळ्यांचीच सज्जन असते.

गादीवाले : दातांची रुजुवात करण्यासाठी लातूरपर्यंत तसदी घ्यायची?

फिरस्ते : दात हे निमित्त. आमची लातूरची गंजगोलाईची बाजारपेठ फैयाजुद्दीन नावाच्या रचनाकाराने आखली आणि त्या वर्तुळाला सोळा रस्ते जोडले, ते, माझी अशी खात्री आहे, बाजारातली बातमी कुठूनही निघो, तिने अखेर एखाद्या चहाच्या टपरीपाशी येऊन दम खावा म्हणूनच. मागे अशाच टपरीवर एक हमाल, माझ्याकडे न पाहता, ‘त्या ट्रकावर ताडपत्री नव्हती, मालक,’ एवढेच म्हणाला, आणि मी चहा अर्धा टाकून सौदा आवरता घेतला.

गादीवाले : मी फोन करून विचारले असते.

फिरस्ते : काय विचारले असते? ताडपत्रीचा प्रश्न आपल्याला सुचणार कोठून? फोन म्हणजे कचेरीतला अर्ज. जेवढे मागाल तेवढ्याचाच दाखला मिळणार. अमक्याची पत कशी आहे, असे फोनवर विचारा, उत्तर येईल, ‘उत्तम.’ समोर बसून विचारा, तरी उत्तर ‘उत्तम’च येईल, पण ते देण्यापूर्वी सांगणारा चहाची बशी ओठांशी नेऊन पुन्हा खाली ठेवील. मी त्या बशीच्या भरवशावर दोघांची उधारी बंद केलेली आहे.

गादीवाले : आणि ती बशी जमाखर्चात कोणत्या सदराखाली?

फिरस्ते : प्रवासखर्च.

(गाडी हलण्याचे चिन्ह दिसेना, म्हणून दोघे उतरतात. भंडाऱ्याने पिवळी झालेली गर्दी, लाल कंधारी जनावरे, घोड्यांच्या रांगा, मधूनच येळकोटाचा गजर.)

गादीवाले : ते दोघे उपरण्याखाली हात घालून काय करताहेत?

फिरस्ते : भाव. बोटे धरून ठरवायचा. एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे जनावराकडे पाहून उभयतांनी समजून घ्यायचे. भोवती पन्नास माणसे, पण आकडा एकाच्याही कानी जात नाही. धान्याच्या बाजारात ही रीत बंद करून उघड लिलाव आणला तो रास्तच, कारण त्या रुमालाखाली कुणबी नागवला जाई. मी तिची वकिली करीत नाही. तथापि समोरच्याने शेवटचे बोट सोडताना जी घुटमळ केली, ती आपल्या मोबाइलवर कशी यावी?

घोडेवाला : (उपरणे उचलून) या की, शेटजी!

(गादीवाले कुतूहलाने हात आत घालतात. काही काळ दोघांच्याही मुद्रेवर केवळ वैराग्य दिसते.)

घोडेवाला : ठरलं बगा, मालक! खंडोबाच्या नावानं!

गादीवाले : काय ठरले?

फिरस्ते : घोडा. आपण त्याची बोटे दाबलीत ना?

गादीवाले : ती रामराम म्हणून दाबली! कितीला ठरला?

फिरस्ते : मला काय ठाऊक? उपरण्याखाली आपण दोघेच होतात.

(गादीवाले घाईघाईने मुनीमजींना फोन लावून सर्व हकीकत निवेदन करतात, पलीकडचे बराच वेळ ऐकतात आणि फोन खाली घेतात.)

फिरस्ते : काय म्हणतात?

गादीवाले : म्हणतात, आधी घोड्याचा फोटो पाठवा.