पुरवणीवाले साडू

साडू हे नातंच मुळात पुरवणीचं. बायको ही मुख्य उत्तरपत्रिका. तिची बहीण आणि त्या बहिणीचा नवरा म्हणजे मागे दोऱ्याने बांधलेले कागद. आमच्या साडूंनी जन्मभर पुरवण्यांची बाजू घेतली, ती बहुधा या नात्याला जागूनच. रविवारी ते पेपराच्या मुख्य अंकाची घडीही मोडत नाहीत, आधी पुरवणी. लग्नात अक्षता टाकतानाही त्यांची नजर बोहल्यावर नसते. वरपक्षातला एखादा रुसलेला मामा ते हेरतात आणि पंगतीत मठ्ठा येईपर्यंत त्याच्या रुसव्याचा तीस वर्षांचा इतिहास काढून आणतात. "नवरा-नवरीला काय हो, सगळेच बघतात," असं वर आम्हालाच ऐकवतात.

असा माणूस स्टार वॉर्सच्या नादी लागला, म्हणजे मुंगळ्याला गुळाची ढेप सापडली. १९७७ चा मूळ सिनेमा मीही पाहिलाय. ल्यूक, लेया, हान सोलो, काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर. एवढ्यावर माझं भागतं. साडूंना खरा रस मागच्या बाकावरच्या मंडळींत. मूळ कथेला फुटलेल्या फांद्यांना जग स्पिन-ऑफ म्हणतं, साडू पुरवणी म्हणतात.

पडद्यावरच्या सगळ्यात जुन्या पुरवणीचा प्रयोग आम्ही एका पाडव्याला सोसला. १९७८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत टीव्हीवर 'हॉलिडे स्पेशल' नावाचा एक कार्यक्रम एकदाच लागला आणि त्या वाहिनीने तो पुन्हा म्हणून दाखवला नाही. साडूंनी त्याची मुंग्या आलेली कॉपी कुठून तरी पैदा केली होती. त्यात हानचा केसाळ जोडीदार चूबाका याची बायको, बाप आणि पोरगा कितीतरी वेळ एकमेकांवर नुसते गुरगुरतात. खाली भाषांतराची पट्टीसुद्धा नाही. आम्ही सगळे हवालदिल. सासूबाई तेवढ्या वाती वळता वळता म्हणाल्या, "घरात सण आहे आणि कर्ता पुरुष अजून पोचला नाही, एवढंच ना?" कथा खरोखर तेवढीच आहे. साडूंनी वाकून त्यांना नमस्कार केला.

पण साडूंची निष्ठा मला कळली ती २०१४ च्या एप्रिलमध्ये. मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, जरा येऊन जा. हे जेवत नाहीयेत." गेलो, तर साडू पुस्तकांच्या कपाटासमोर मांडी घालून बसलेले. मी आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

"तीन मुलं," साडू म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. मग उलगडा झाला. डिस्नीने २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली होती. आता नवे सिनेमे काढायचे, तर आधीच्या कादंबऱ्यांनी पुढचं सगळं सांगून टाकलेलं. तेव्हा कंपनीने त्या सरसकट 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा, ठरवल्या. खऱ्या इतिहासात यापुढे धरायच्या नाहीत. टिमथी झान यांच्या १९९१ च्या 'एअर टू दि एम्पायर'पासून साडूंनी जमवलेलं कपाट एका पत्रकासरशी खोटं पडलं. त्यात हान आणि लेयाला तीन मुलं झाली होती. ती आता जन्मलीच नव्हती.

"पण चूबाका परत आला," साडू डोळे पुसत म्हणाले. १९९९ च्या एका कादंबरीत अख्खा चंद्र अंगावर कोसळून तो गेला होता. कादंबरी रद्द, तर मरणही रद्द. एकाच घरात एकाच दिवशी सोयर आणि सुतक! मेहुणीने शेवटी सुतकाकडे कल देऊन पिठलं-भात टाकला आणि साडू दोन घास जेवले.

त्या पिठल्यावरच मी विचारलं, "हे काहीच न वाचता मला मूळ सिनेमा कळला. मग पुरवणी हवी कशाला?"

साडूंनी तेव्हा नुसता हात झटकला. उत्तर दिलं अडीच वर्षांनी, थिएटरातून बाहेर पडताना. म्हणाले, "भोक!"

१९७७ च्या सिनेमात ग्रहच्या ग्रह फोडणारं डेथ स्टार नावाचं अवाढव्य यंत्र आहे, आणि ते फुटतं कशाने, तर दोन मीटर रुंदीच्या एका भोकात टॉर्पेडो गेल्याने. एवढ्या खर्चाच्या बांधकामात असं भोक ठेवणारा कंत्राटदार कोण, म्हणून चाहत्यांची जवळजवळ चाळीस वर्षं टिंगल होत होती. २०१६ च्या 'रोग वन'ने सांगितलं, की जबरदस्तीने कामाला जुंपलेल्या शास्त्रज्ञाने ती खोट मुद्दाम ठेवली होती. मूळ सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर सरकणाऱ्या मजकुरात हेरांनी नकाशे पळवल्याचा ओझरता उल्लेख आहे; 'रोग वन' हा त्या उल्लेखाचा सिनेमा. नकाशे पळवणारे त्यात एकूण एक मरतात. पुढे त्यांच्यातल्या कॅसियन अँडॉरवर २०२२ आणि २०२५ मध्ये बारा-बारा भागांची 'अँडॉर' ही मालिका निघाली. पुरवणीला पुरवणी!

"आता मूळ सिनेमा पुन्हा बघा," साडू म्हणाले. "ल्यूक टॉर्पेडो सोडतो तेव्हा तुम्हाला तो एकटा दिसतो. मला त्याच्या मागे रांग दिसते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण साडू तिथे थांबले तर साडू कसले! २०१८ च्या 'सोलो'चीही ते तितक्याच तळमळीने वकिली करतात. त्या सिनेमात हानला आडनाव कसं मिळालं ते कळतं: भरती करणारा अधिकारी विचारतो, तुझी माणसं कोण, हा म्हणतो, कुणी नाही, अधिकारी 'सोलो' लिहून मोकळा होतो. हे विचारलं होतं कुणी? आपल्याकडेही पुष्कळ आडनावं अशीच चिकटली असतील, पण म्हणून कुणी सव्वादोन तास थिएटरात बसवत नाही. सिनेमा तोट्यात गेला. साडूंच्या मते लोकांची पात्रता नव्हती.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. 'मँडलोरियन' या मालिकेचे दोन सीझन मी त्या मोठ्या कानांच्या हिरव्या पोरासाठी पाहिले. २०२० च्या शेवटी पोर ल्यूकबरोबर शिकायला निघून गेलं, मी डोळे पुसले. २०२३ मध्ये तिसरा सीझन लावतो, तर पोर परत बापाजवळ! साडूंना फोन केला. "तुम्ही 'बोबा फेट' पाहिली नाहीत?" त्यांनी विचारलं, जवळच्याच्या तेराव्याला न गेलेल्याला विचारतात त्या सुरात. बापलेकांची भेट भलत्याच्याच मालिकेत उरकली होती. सात भागांची मालिका, नाव बोबा फेटचं, आणि पाचव्या भागात तो औषधालाही नाही. मुंज लागतेय आणि बटू गायब! पुरवणी सोडली तरी पास होता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. तिच्यावाचून नापास करणार असाल, तर मुख्य उत्तरपत्रिकेत तुम्ही लिहिलंत काय?

साडूंनी थेट वनपर्व काढलं. "राज्य गेलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नळ-दमयंतीची गोष्ट सांगतात. युद्धाला तिची गरज आहे? मग काढून टाकाल?"

"युधिष्ठिराकडे बारा वर्षं होती," मी म्हटलं. "माझ्याकडे रात्री साडेदहा ते साडेअकरा."

त्याच तासात, बायको झोपल्यावर, मी 'अँडॉर'चे चोवीसच्या चोवीस भाग संपवले. तुम्हीही बघा. फक्त साडूंच्या कानावर घालू नका. त्यांनी कपाटातल्या कादंबऱ्या माझ्यासाठी खोक्यात भरून ठेवल्या आहेत.