बारा फुटांत बसवा, सर

उन्हाळकामाचे दिवस आले, की खामगावातल्या आमच्या गल्लीत माणसं कोपऱ्यावरूनच शिंकायला लागतात. पाहुण्यांना पत्ता सांगताना मी घर नंबर सांगत नाही. पहिली शिंक आली की डावीकडे वळा, एवढं पुरतं. ती शिंक भाऊच्या कांडपाची. मिरची, हळद, काळा मसाला दळून देणं हा त्याचा वडिलोपार्जित धंदा, आणि स्वतःच्या नावानं तिखटाची पाकिटं काढणं हा अलीकडचा. पहिल्याची जाहिरात वारा करतो. दुसऱ्यासाठी तो माझ्याकडे येतो.

भाऊ माझा जुना विद्यार्थी. वीस ओळींचा निबंध सांगितला तर सात ओळी आणायचा आणि म्हणायचा, "सर, यातच समदं आलं." उरलेल्या तेरा ओळी तो आता माझ्याकडून वसूल करतो आहे.

"सर, दोनच ओळी लेहून द्या. पन क्वालिटी पाह्यजे."

"बजेट किती?"

"दोन ओळीले कायचं बजेट?"

भाऊ कंजूष आहे असं मी म्हणणार नाही. मिरचीत दगाफटका नको म्हणून तो चांगल्या मालाला चढा भाव मोजतो, कामाच्या बायांची मजुरी एक दिवस थकवत नाही. पण ज्याचं वजन होतं त्यालाच पैसे, हे त्याला तराजूनं शिकवलं आहे. शब्द तराजूत टाकला तर काटा हलत नाही. असे भाऊ जिल्हाभर आहेत. घाटावर चिखली-मेहकरला आहेत, घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला आहेत. कोणाचं कृषी केंद्र, कोणाचं साड्यांचं दुकान. प्रत्येकाचा एक ठरलेला मास्तर असतो आणि प्रत्येकाला दोनच ओळी हव्या असतात.

तर फ्लेक्स. चार बाय तीनचा ठरला होता. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर असतो, अक्षरांवर नसतो, हे कळलं त्या दिवशी भाऊला मोक्षाचा रस्ता सापडला. मी कागदावर चौकोन आखला, मधोमध पाकिटाचं नाव लिहिलं, खाली एक ओळ, त्याखाली फोन नंबर. बाकी कोरं.

"हे काय?"

"मोकळी जागा. नजर नावावर जाते."

"बारा फुटाचे पैसे मोजले सर मी. मोकळ्या जाग्याचे बी मोजले. मंग मोकळी कायले सोडायची?"

मग त्यानं भरायला घेतलं. डाव्या कोपऱ्यात गजानन महाराज, उजव्या कोपऱ्यात वडील. खाली दोन मेहुणे, कारण एकाचाच फोटो टाकला तर दुसरा लग्नकार्याला येणार नाही. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर पाकिटावर बारीक छापलेला असतोच, तो इथं वीतभर उंचीच्या आकड्यांत. "सरकारनं देल्ला हाय, लपवायचा कायले?" मग हळद, धने, जिरे, गोडा मसाला, 'लग्नकार्याच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील', 'गहू दळून मिळेल', 'आमची कोठेही शाखा नाही'. शेवटी मी विचारलं, तिखटाचं पाकीट कुठं आहे? भाऊनं कागद उलटसुलट फिरवून पाहिला. पाकीट राहिलं होतं. ते त्यानं धाकट्या मेहुण्याच्या खांद्यावर बसवलं.

जाहिरात ही मुळात फुकट व्हायची गोष्ट आहे, असं त्याचं मत, आणि त्यासाठी दाखले तयार.

"शेगावच्या कचोरीनं कवा फ्लेक्स लावला?"

मी म्हटलं, अरे, फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबानं ती स्टेशनवर सुरू केली. मुंबई-हावडा मार्गाचं स्टेशन, वर गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारी गर्दी. गाडी थांबते, खिडकीशी आरोळी येते, मागोमाग वास येतो. ती कचोरी अर्ध्या हिंदुस्थानात रेल्वेनं पोचवली. तुझ्या गिरणीसमोर कोणती मेल थांबते?

"बरं, भेंडवळचं घ्या."

भेंडवळचं मात्र मला घ्यावंच लागलं. जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. अक्षय्य तृतीयेला शेतात खड्डा करून घागर, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, भोवती अठरा धान्यं, पापड-कुरडया मांडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. ते खरं ठरो न ठरो, टीव्हीचे कॅमेरे दरसाल स्वतःच्या खर्चानं येतात. "एका घागरीत समदा महाराष्ट्र," भाऊ उसासा टाकतो. त्याला गप्प करायला मी १८७० सालावर गेलो. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आपला कापूस विलायतेपर्यंत नेण्यासाठी सरकारनं केवढा खर्च केला बघ.

भाऊनं क्षणभर विचार केला. "पन हाराशिवाय त्याले काय देल्लं असन?"

खर्चाचं नाव निघालंच म्हणून मी त्याला सांगितलं, केंद्र सरकारनं २०२० साली एक योजना काढली, लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी. तिच्यात ब्रँडिंगच्या खर्चाला निम्मं अनुदान ठेवलं, पण ते बचत गट, शेतकरी कंपन्या, सहकारी संस्था यांना. वहिनी बचत गटात आहेत, चौकशी कर, असं मी सुचवलं. भाऊनं नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं. "निम्मं भेटते म्हंजे निम्मं आपन द्यायचं ना?"

एकदा मात्र त्यानं स्वतःहून खर्च केला. शेगावची पालखी पंढरपुराहून परतताना खामगावात येते आणि इथून शेगावपर्यंत लोक तिच्यासोबत पायी चालतात. रस्ताभर चहा, फराळ, पाणी. भाऊनं वारकऱ्यांसाठी थंड पाण्याचे जार लावले, मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर लालभडक मिरच्यांचा ढीग आणि 'एकदा खाल तर आठवण काढाल'. त्याखाली उभी राहून माणसं घटाघटा पाणी पीत होती. शेगाव रोडवर इतकी चपखल जाहिरात मी पाहिलेली नाही, फक्त ती पाण्याची होती.

मधल्या काळात माझी नोकरी जायची वेळ आली. भाऊचा भाचा पुण्याहून आला, त्यानं मोबाईलमधल्या एआयकडून मजकूर काढून दिला. फुकट, आणि दोन ओळींऐवजी दोन पानं. भाऊ कौतुकानं घेऊन आला आणि पायरीवर बसून मोठ्यानं वाचू लागला. "'आमच्या प्रीमियम तिखटासोबत आपल्या पाककलेचा प्रवास उंचवा.' सर, प्रवास उंचवा म्हंजे?"

"मला ठाऊक नाही."

"'चवीचं नवं क्षितिज अनलॉक करा.' कुलूप कोनं लावलं होतं?"

सोबत चित्रही होतं. नऊवारीतली बाई, हातात पाकीट, मागं झाडाला द्राक्षांसारख्या घडांनी लटकलेल्या मिरच्या. बाईच्या उजव्या हाताला सहा बोटं. मी ती मोजून दाखवली. भाऊनंही मोजली, दोनदा. मग चित्राची घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "जास्तीचंच हाय ना, कमी तं नाही."

त्याच संध्याकाळी मी गिरणीत हळद दळायला गेलो होतो. काउंटरवर एक बाई दुसऱ्या कंपनीचं स्वस्त पाकीट दाखवून घासाघीस करत होती. भाऊनं भाव कमी केला नाही. हातातला मिरचीचा देठ तिच्यासमोर मोडला आणि म्हणाला, "मावशी, ब्याडगी रंगाले टाकतो, गुंटूर झणक्याले. देठ आमी मशीनमंदी जाऊ देत नाही. भाजी लाल दिसन, पन लेकरू रडन नाही." मावशीनं दोन पाकिटं घेतली.

मी शिंका आवरत वजनाच्या चिठ्ठीमागे ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. 'भाजी लाल दिसन, पन लेकरू रडन नाही.' छत्तीस वर्षं मराठी शिकवून माझ्या हातून अशी ओळ उतरलेली नाही. चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. हीच टाक फ्लेक्सवर, बाकी सगळं पूस.

भाऊनं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "हे तं मीच बोललो."

"म्हणूनच."

"मंग तुमी काय लेहलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलताना सोन्यासारखं बोलणारा हा माणूस, छापायची वेळ आली की मात्र अंगात कोट घालून येतो. घरातली भाषा बाहेर नेली तर लोक हसतील, ही धास्ती त्याच्या मनात बसली आहे. आणि ती बसवणारांत मीही आहे. 'मले' लिहिलं म्हणून मीच त्याच्या वहीवर लाल रेघा ओढल्या होत्या.

तरी त्यानं मानधन दिलं. रिकामं पाकीट आधी काट्यावर ठेवलं, त्याचं वजन वजा केलं, मग पाव किलो तिखट मोजलं. काटा थरथरत होता, म्हणून चिमूटभर परत काढलं.

आठवड्यानं फ्लेक्स लागला. महाराज, वडील, दोन्ही मेहुणे, चौदा आकडे, गहू दळून मिळेल, सहा बोटांची बाई. आणि सगळ्यांत खाली, जेमतेम उरलेल्या पट्टीत माझी म्हणजे त्याची ओळ: 'भाजी रक्तवर्ण दिसेल, परंतु बालकाच्या नेत्रांत अश्रू येणार नाहीत.'

मी खाली उभा राहून वाचत होतो. भाऊ हात पुसत बाहेर आला.

"शुद्ध करून घेतलं सर. घाईघाईत तुमच्यानं राहून गेलतं."